दीपप्रज्वलनापुरता हायड्रोजन

पाथर्डी तालुक्यातल्या खांडेपिंपरी गावच्या रंगुबाईंना खोकला आहे, ही बाब आमच्या कक्षाच्या निदर्शनास फेब्रुवारी महिन्यात आली. खोकला त्याआधी बावीस वर्षे होता. परंतु असणे वेगळे आणि निदर्शनास येणे वेगळे. रंगुबाई गावातल्या महिला बचत गटाची खव्याची भट्टी चालवतात. अकरा बायका, चार कढया आणि बाभळीचे सरपण, असा तो उद्योग. सकाळी दूध आले की दुपारपर्यंत लांब उलथण्याने ते हलवत बसायचे, कढईखालचा धूर डोळ्यांत आणि छातीत घ्यायचा, आणि खवा झाला की टेम्पोत घालून नगरच्या हलवायांकडे रवाना करायचा. पाथर्डीच्या डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून स्पष्ट सांगितले होते, की दसऱ्यापर्यंत धूर तरी बंद करा, नाहीतर भट्टी तरी बंद करा. भट्टी बंद झाली तर अकरापैकी आठ बायकांना दसऱ्यानंतर पुन्हा कोयता घेऊन कोपरगावकडे ऊसतोडीला जावे लागणार होते.

आमच्या कक्षाला नेमकी अशीच गरज हवी होती. 'हरित हायड्रोजन उद्योग भागीदारी पथदर्शी कक्ष' असे आमचे नाव, आणि मी, कल्याण, त्याचा जिल्हा उपसमन्वयक. आमचे कार्यालय पत्रव्यवहारात अहिल्यानगरला आहे आणि एस.टी.च्या कंडक्टरशी बोलताना नगरला. एखाद्या कंपनीकडे यंत्र असते, एखाद्या गावाकडे गरज असते. दोघांची गाठ घालून द्यायची, यंत्र लहान प्रमाणात चालवून दाखवायचे आणि मग ते मोठ्या प्रमाणावर न्यायचे, हे आमचे काम. लहान असते तेव्हा त्याला पथदर्शी म्हणतात, मोठे झाले की विस्तार. माझा या कामावर मनापासून विश्वास आहे. दोष काढायची मला सवय नाही, आणि माझ्या गोपनीय अहवालातही तसे चांगल्या शब्दांत नमूद आहे.

यंत्र 'निर्मलवात' नावाच्या कंपनीचे होते. कंपनीने त्यासोबत निकिता नावाची एक तरुण इंजिनिअर पाठवली. तिने ग्रामसभेत अगदी सोपे करून सांगितले. माळावर सोलरच्या तीनशे प्लेटा बसवायच्या. त्यांच्या विजेने यंत्रातले पाणी फुटते, त्यातून हायड्रोजन निघतो, तो पाइपातून भट्टीखालच्या शेगडीत जळतो. धूर नाही, राख नाही.

"पानी किती खातंय हे?" रंगुबाईंनी विचारले. टँकरच्या गावात पहिला प्रश्न हाच येतो.

"दिवसाला दहा-बारा हंडे, मावशी."

"दहा हंडे मी डोक्यावर आनून घालीन," रंगुबाई म्हणाल्या आणि खोकल्या. "पन धूर नको."

ठराव एकमताने मंजूर झाला. सरपंच वैजनाथ यांनी आपल्या भाषणात सांगितले, की हिवरे बाजारला जसे देशभरातून पाहुणे येतात, तसे एक दिवस खांडेपिंपरीलाही येतील. टाळ्या या वाक्याला सर्वांत जास्त पडल्या. त्या वेळी मलाही ते वाक्य आवडले होते.

मार्चमध्ये निकिताने यंत्र चाचणीसाठी सुरू केले. चाचणी बारा दिवस चालली आणि ते बारा दिवस मी विसरणार नाही. भट्टीच्या खोलीत प्रथमच पलीकडची भिंत दिसू लागली. अकरा बायकांना एकमेकींचे चेहरे दिसू लागले. समोर बसणाऱ्या कलाबाईंच्या गालावर तीळ आहे, हे रंगुबाईंना बावीस वर्षांनी कळले. बायका काम करता करता गाणी म्हणू लागल्या, कारण गाण्यासाठी श्वास लागतो आणि तो आता होता. बाराव्या दिवशी मी गेलो, तर रंगुबाईंनी गरम खवा साखर घालून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "रातभर झोपले, साहेब. घरची मानसं उठून बघत हुती, आज खोकत कशी न्हाई म्हनून." मला फार आनंद झाला. इतका, की मी तो आनंद साप्ताहिक अहवालात लिहिला.

तिथेच चुकले. दुसऱ्या दिवशी आमचे समन्वयक भाऊसाहेब यांचा फोन आला.

"कल्याण, यंत्र सुरू आहे?"

"हो साहेब, उत्तम चालले आहे."

"उद्घाटन झाले?"

"नाही साहेब, ही चाचणी..."

"उद्घाटन झालेले नाही आणि खवा झालेला आहे," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. ते कधीही आवाज चढवत नाहीत. "उद्या कुणी विचारले, हा खवा कोणत्या टप्प्यातला, तर काय सांगणार आहात?"

मी नोंदवही उघडली. सबब बारा दिवसांच्या खव्याची 'उद्घाटनपूर्व खवा' अशी नोंद करून यंत्र उद्घाटनापर्यंत बंद ठेवण्यात आले. बाभळीचे सरपण पुन्हा आले. "दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, मावशी," असे मी रंगुबाईंना सांगितले, आणि तेव्हा ते मला खरेच वाटत होते.

उद्घाटन म्हटले की भागीदार आले. सुरुवातीला कंपनी आणि गाव असे दोघेच होते. पण यंत्र चालते अशी बातमी पसरल्यावर ते आपल्या सहकार्याने चालते असे बऱ्याच जणांच्या लक्षात आले. एका कारखान्याने नैतिक पाठिंबा दिला, एका महाविद्यालयाने तांत्रिक शुभेच्छा दिल्या, एका दूध संघाने दूध पांढरे असते याबाबत मार्गदर्शन केले. दीड महिन्यात चौदा भागीदार झाले. करारनाम्यानुसार प्रत्येकाचे नाव आणि बोधचिन्ह दुसऱ्या कुणाहीपेक्षा लहान असता कामा नये, आणि वीस पावलांवरून वाचता आले पाहिजे. त्यामुळे फलक अठ्ठावीस फूट उंच झाला. तो दिमाखात माळाच्या दक्षिणेला उभा राहिला आणि सोलरच्या प्लेटांवर सावली पडली.

निकिताने मोजून सांगितले, की वीज निम्मी झाली आहे. फलक हलवावा अशी तिची सूचना होती. फलकाची जागा आणि मापे करारनाम्यात होती. सूर्याचा मात्र करारनाम्यात कुठेच उल्लेख नव्हता. म्हणून प्लेटा हलवल्या. त्यात मे महिना गेला.

आता फक्त दीपप्रज्वलन राहिले होते. त्यासाठी भाऊसाहेबांनी भिंगारच्या बाजारातून पाच फूट उंचीची पितळी समई आणवली. निकिताने ती पाहिली आणि तिचा चेहरा पडला.

"सर, यंत्रापासून पंधरा मीटरच्या आत उघडी ज्योत चालत नाही. सुरक्षेचा नियम आहे. हायड्रोजन आहे तो."

"मग भट्टीचे कसे चालते?" मी विचारले.

"भट्टी पंचवीस मीटरवर आहे, सर. मुद्दाम तितक्या लांब बांधली आहे. समईपण तिकडेच लावा ना."

भाऊसाहेबांना हे पटण्यासारखे नव्हते. फोटोत पाहुणे, समई, यंत्र आणि फलक हे चारही एकत्र आले पाहिजेत, असे निर्देश होते. शेवटी नियमाचाही मान राहील आणि समईचाही, असा मार्ग निघाला: दीपप्रज्वलनापुरते यंत्र बंद ठेवायचे. बंद करणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. पाइपातला वायू बाहेर सोडायचा, पाइप आतून नायट्रोजनने साफ करायचे, कार्यक्रम झाल्यावर गळती तपासून पुन्हा सुरू करायचे. एकंदर तीन दिवस.

उद्घाटन थाटात झाले. न चालणाऱ्या यंत्रासमोर समई पेटली, चौदा भागीदारांची चौदा भाषणे झाली, आणि फोटो इतका सुरेख आला की तो पाहून दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांनाही यावेसे वाटले. ते मंगळवारी आले. तो फोटो पाहून तिसरे शुक्रवारी आले. प्रत्येकासाठी दीपप्रज्वलन करावेच लागले. एकाला समई आणि दुसऱ्याला नुसता नमस्कार, असा भेदभाव शासकीय कामात करता येत नाही. मंगळवारच्या पाहुण्यांसाठी सोमवार ते बुधवार यंत्र बंद, शुक्रवारच्या पाहुण्यांसाठी गुरुवार ते शनिवार बंद, आणि रविवारी साप्ताहिक सुट्टी. सरपंच वैजनाथ फेटा बांधून रोज वेशीवर उभे राहू लागले. आमच्या कक्षाचा त्या तिमाहीचा आलेख सरळ वर गेला.

भट्टीतला धूरही वर गेला. रंगुबाई आता पाहुण्यांसमोर उभ्या राहून खोकू लागल्या आणि भाषणात व्यत्यय येऊ लागला, म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवण्यात आले.

एकदा मी हिंमत करून बॅटरीवरची समई आणली. पाहुण्यांनी बटण दाबले, पाचही वातींचे दिवे लागले, आणि पाहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, "दोनशे किलोमीटर प्रवास करून मी बटण दाबायला आलो का?" त्यानंतर ती समई माझ्या घरी आहे.

उपाय शेवटी निकितानेच काढला. ती म्हणाली, "सर, वेगळी समई कशाला? पाहुण्यांच्या हस्ते भट्टीची शेगडीच पेटवू. ती पंचवीस मीटरवर आहे, यंत्र बंद करावे लागणार नाही, मागे फलकही दिसेल. दीपप्रज्वलन झाले की लगेच त्यावर कढई चढवायची. पाहुणे खूश आणि खवाही तयार."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. इतका सरळ विचार आमच्या कक्षात कुणी केला नव्हता. भाऊसाहेबांनीही, चौदा भागीदारांची लेखी संमती घेऊन, प्रायोगिक तत्त्वावर मान्यता दिली.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, एक फार मोठे पाहुणे आले. त्यांनी मेणबत्ती शेगडीजवळ नेली. फस्स असा आवाज झाला. सगळे टाळ्या वाजवायला हात वर करून थांबले.

"लागला का?" पाहुण्यांनी विचारले.

"लागला, सर," निकिता म्हणाली.

"दिसत नाही."

"उन्हात दिसत नाही, सर. हायड्रोजनची ज्योत इतकी स्वच्छ असते की दिसतच नाही."

"न दिसणाऱ्या ज्योतीचा मी फोटो कसा काढायचा?" असे म्हणत पाहुणे खात्री करून घेण्यासाठी वाकले, आणि त्यांच्या खांद्यावरच्या शालीच्या दशा पेटल्या. त्या मात्र स्पष्ट दिसल्या. वैजनाथांनी पुढे होऊन तांब्याभर पाणी त्यांच्या अंगावर ओतले. पाहुणे दिलदार होते. हसले, दुसरी शाल घेतली आणि गेले. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जो फोटो आला, त्यात ते चिंब भिजून रिकाम्या शेगडीला हात जोडताना दिसत होते.

"ज्योत दिसली पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले.

पुढच्या भेटीच्या वेळी रंगुबाई पदरात काहीतरी घेऊन आल्या. त्यांचे मत असे होते, की शेगडी चांगली आहे, तिला माणसांची नजर लागली आहे. पाहुण्यांनी शेगडी पेटवताच त्या पुढे झाल्या, मीठ-मोहऱ्या तिच्यावरून तीनदा ओवाळल्या आणि आगीत टाकल्या. तडतड झाली, आणि त्याबरोबर एक झळझळीत पिवळी ज्योत हातभर उंच उठली. मिठाने ज्योत पिवळी होते, हे निकिताला पुस्तकातून माहीत होते. पण तिनेही सर्वांबरोबर टाळ्या वाजवल्या.

ते पंधरा दिवस फार सुखाचे गेले, हे मला सांगितले पाहिजे. पाहुणे येत, रंगुबाई चिमूटभर मीठ टाकत, ज्योत दिसे, फोटो निघे, पाहुणे जात, आणि लगेच कढई चढे. धूर नव्हता. रंगुबाई खोकत नव्हत्या. कलाबाईंचे गाणे वेशीपर्यंत ऐकू येई. एका वाक्यात सांगायचे तर योजना यशस्वी झाली होती, आणि ती मोठ्या प्रमाणावर नेण्यात कोणतीही अडचण उरली नव्हती.

अशा वेळी अभ्यासगट येतो. सात जणांचा गट आला, त्यांनी शेगडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि वहीत लिहिले: 'हायड्रोजन हरित असल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ज्योत पिवळी आढळली.'

निकिताने त्यांना अर्धा तास समजावले, की हरित म्हणजे हिरव्या रंगाचा नव्हे, हरित म्हणजे सूर्याच्या विजेवर, धूर न करता तयार केलेला. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढे लिहिले: 'याबाबत समाधानकारक खुलासा प्राप्त झाला. रंगाचा प्रश्न कायम.'

"एकतर उत्तर द्या, नाहीतर रंग द्या," भाऊसाहेबांनी मला सांगितले. "अभ्यासगटाच्या शेऱ्याला तिसरा पर्याय नसतो."

त्याच संध्याकाळी ग्रामपंचायतीत बैठक झाली. वैजनाथांची डाळिंबाची बाग आहे. ते म्हणाले, "हिरवाच पायजे ना? माझ्याकडं फवारनीचं मोरचूद हाय पोतंभर. ते जाळावर पडलं की जाळ हिरवा हुतो, मी बघितलंय."

मी निकिताकडे पाहिले. भाऊसाहेबांनी फोनवरून विचारले, "होतो का हिरवा?" निकिताला खोटे बोलता येत नाही, खासगी क्षेत्रात एवढी वर्षे काढूनही तिची ही उणीव गेलेली नाही.

"होतो," ती म्हणाली. "पण मोरचूद विष आहे, सर. त्या शेगडीवर मग खाण्याची वस्तू करता येणार नाही."

"तो मुद्दा आपण स्वतंत्रपणे घेऊ," भाऊसाहेब म्हणाले.

हिरवी ज्योत मी आयुष्यात प्रथमच पाहिली. पोपटी, लवलवती, शेंड्याला किंचित निळी. सुंदरच होती, नाही कशाला म्हणू? पाहुण्यांनी भाषण सोडून मोबाइल काढले. शाळेच्या मुलांना आणून दाखवण्यात आली. फोटो देशभर गेला. अभ्यासगटाने रंगाचा प्रश्न निकाली काढल्याचे पत्र पाठवले.

मग स्वतंत्र मुद्दा स्वतंत्रपणे घेण्यासाठी चौदा भागीदारांची बैठक झाली. दोनच पर्याय होते: ज्योत पिवळी ठेवून खवा करणे, किंवा ज्योत हिरवी ठेवून खवा न करणे. मतदान झाले आणि चौदाविरुद्ध शून्य मतांनी हिरवी ज्योत निवडून आली. रंगुबाईंचे मत घेतले नाही. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. करारनाम्यात त्या भागीदार नव्हत्या, लाभार्थी होत्या, आणि लाभार्थ्यांना मत नसते, लाभ असतो.

निर्णय कळवायला मीच गेलो.

"म्हंजी ह्या शेगडीवर आता काय शिजायचं?" रंगुबाईंनी विचारले.

"सध्या फक्त दीपप्रज्वलन, मावशी."

"आन खवा?"

"खवा पूर्वीच्या पद्धतीने. तात्पुरत्या स्वरूपात."

"पूर्वीची पद्धत म्हंजी बाभळ."

"अहवालात मी 'पारंपरिक जैवइंधन' असं लिहितो."

"तसं लिवल्यावर धूर कमी हुतो का, साहेब?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरेच विचारत होत्या, आणि म्हणूनच मला मान वर करता येईना. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, हे मी मान्य करतो.

पाहुण्यांना निघताना पेढ्यांचा डबा देण्याची प्रथा पडली होती. डब्यावर 'धूरमुक्त खव्याचा पेढा' असे छापले होते. डबे दहा हजार छापून झाले होते, त्यामुळे मजकूर बदलणे शक्य नव्हते. खवा मागच्या अंगणात बाभळीवर होत असे. पाहुणे पेढा तोंडात टाकून डोळे मिटत आणि म्हणत, "वा! काय खमंग वास आहे! हायड्रोजनची चवच वेगळी."

ऑगस्टमध्ये मूल्यमापन झाले. यंत्र पूर्ण क्षमतेने चालत असल्याचे आढळले. तीनशे प्लेटा, दहा हंडे पाणी आणि त्यातून निघणारा सगळा हायड्रोजन दीपप्रज्वलनासाठी वापरला जात होता, कारण पाहुणे आता सकाळी, दुपारी आणि चारला असे तीन पाळ्यांत येत होते. रंगुबाईंच्या खोकल्याबाबत 'तीव्रतेत स्थैर्य' असा शेरा मिळाला. प्रकल्प यशस्वी जाहीर झाला आणि विस्तार मंजूर झाला. वीस गावांत वीस यंत्रे, वीस फलक, वीस हिरव्या ज्योती. भट्टी मात्र त्या गावांत ठेवलेली नाही. अनुभवातून आम्ही तेवढे शिकलो.

निकिताने राजीनामा दिला नाही, ती वेगळ्याच कामाला लागली. कंपनीच्या भंगारातून तिने एक दुसरी स्वच्छ शेगडी आणली. पाइपाला तोंड एकच आहे, दुसरे तोंड दुसऱ्या टप्प्यात मंजूर होईल. म्हणून ज्या दिवशी एकही पाहुणा नसेल, त्या दिवशी ती मोरचुदाची शेगडी काढते, दुसरी जोडते आणि बायका तिच्यावर खवा करतात. ऑगस्टमध्ये असे चार दिवस मिळाले. हे मला माहीत नाही, असे मी ठरवले आहे.

गेल्या आठवड्यात रंगुबाई प्रथमच आमच्या कार्यालयात आल्या. पाथर्डीहून एस.टी.ने, सोबत कलाबाईंना घेऊन. जिना चढल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. मी पाणी दिले.

"साहेब, एकच इनंती हाय," त्या म्हणाल्या. "घट बसल्यापासून दसऱ्यापतोर नऊ दिस, नऊ माळा. तेवढ्यात कुनी पाहुना आनू नका. नऊ दिस धूर न्हाई लागला तर छाती मोकळी हुईल, दसऱ्याला डॉक्टर पुन्हा तपासनार हाय. ते व्हय म्हनले तर भट्टी ऱ्हाती. न्हाईतर ह्या समद्या निघाल्या उसाला."

"नऊ दिवस तुमचे, मावशी," मी म्हणालो. नोंदवही काढून त्यांच्यासमोर नऊही दिवसांवर रेघ मारली. आयुष्यात इतक्या मनापासून मी रेघ मारली नव्हती.

दारात थांबून त्या म्हणाल्या, "आन आमच्याबद्दल कुटं चांगलं लिवू नका. वाचलं की मानसं बघाया येत्यात."

मी शब्द दिला. दोन दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला, की विस्ताराच्या निमित्ताने मासिकासाठी जनजागृतीपर लेख हवा, विषय खांडेपिंपरी, मुदत शनिवार. तो लेख म्हणजे हाच. रंगुबाईंना दिलेला शब्द डोळ्यांसमोर ठेवून मी तो होईल तितका रटाळ लिहिला आहे. पण टंकलेखन करणाऱ्या पंकजाताईंनी तो वाचला आणि त्यांना राहवेना. म्हणाल्या, "दिवा नको, सत्कार नको, मी एकटीच जाऊन बघून येते. माझ्या एकटीने काय बिघडणार आहे?" दीपप्रज्वलनाशिवाय पाहुणा अशी तरतूद नियमात नाही. त्यांना पहिली माळ द्यावी लागली. मुद्रितशोधकाने दुसरी घेतली, त्यांना हिरवी ज्योत मुलांना दाखवायची होती, आणि मुले धरून ते एकटेच होते. संपादक तिसऱ्या माळेला सहकुटुंब जात आहेत. चौथीसाठी दोन अर्ज आहेत.

तुम्ही इथपर्यंत वाचत आला आहात. रंगुबाईंबद्दल तुम्हाला मनापासून वाईट वाटले, हेही मला कळते आहे. वाईट वाटल्याशिवाय कुणी एवढ्या लांब भेट द्यायला जात नाही. तुम्ही एकटेच आहात, तुम्हाला काही नको, फक्त एकदा डोळ्यांनी बघायचे आहे. तुमच्यासाठी पाचवी माळ राखून ठेवली आहे. सत्काराला शाल हवी की फेटा, तेवढे कळवा.